दीडशे शब्दांत न मावलेलं वर्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण वाचकांना विचारलंत, ‘सरत्या वर्षानं तुम्हाला काय दिलं?’ दीडशे शब्दांत लिहा, सोबत एक फोटो पाठवा. मी तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा दीडशे शब्द संपले तेव्हा माझं नुसतं पीठ चाळून झालं होतं. तेव्हा हे आपलं साधं पत्र. जागा नसेल तर खुशाल कापा. आयुष्यभर मीही कट देण्याचंच काम केलंय.

मी टर्नर. १९९० साली भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, लागलो आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला, अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणून, शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन बाहेर पडलो. (शिफ्टमध्ये जन्म काढलेल्या माणसाला निवृत्तीला घड्याळ का देतात, हे मला अजून उमगलेलं नाही.) राहायला कसबा पेठेत. चौतीस वर्षं मनपाच्या स्टॉपवर भोसरीच्या बसची वाट बघितली. कसब्यात मेट्रो सुरू झाली २९ सप्टेंबर २०२४ ला, तेव्हा माझे जेमतेम दोन महिने उरले होते. तेवढे दोन महिने नाशिक फाट्यापर्यंत गार हवेत बसून गेलो. सौ. म्हणाली, “तुम्हाला निरोप द्यायला आणलेली दिसतेय मेट्रो.”

घरात आम्ही तिघं. आई ब्याऐंशीची. मुलगी लग्न होऊन नाशिकला. सौ. लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. सकाळी साडेदहाला घर सोडते ती रात्री नऊच्या पुढे येते. माझी पेन्शन पाच हजारांच्या आतली, त्यामुळे तिची नोकरी हौसेची नाही.

पहिला महिना मी सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. सारसबागेत हास्यक्लबला गेलो; चौथ्या दिवशी खोटं हसून हसून जबडा दुखला, सोडला. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढायच्या ठरवल्या, गुडघ्यानं नाही म्हटलं. बासरी आणली. तिच्यातून अजून फक्त फुंकर निघते. उरलेला वेळ मी घरात जिथे उभा राहीन तिथे सौ.ला काहीतरी काढायचं असायचं. “अहो, जरा सरका” हे वाक्य त्या महिन्यात मी जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा फोरमनकडून ‘प्रॉडक्शन किती झालं’ हेसुद्धा ऐकलं नसेल.

जानेवारीत सौ.चा उजवा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे कणीक मळायची नाही, भाकरी थापायची नाही. दुकानात साड्या उलगडायच्या की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पोळी-भाजी केंद्रातून दोन दिवस डबा आणला. आई मूळची खेड तालुक्यातली, तिला रोज भाकरी लागते. विकतची भाकरी तिनं बोटानं दाबून पाहिली, ताट सरकवलं आणि म्हणाली, “वातड आहे.” पुढे काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी परात काढली.

ही परात पितळी, काठाला एके ठिकाणी चेपलेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आईचं लग्न होऊन दोनच महिने झाले होते. खालच्या घरात पाणी शिरलं, भांडीकुंडी वाहून गेली, ही परात चिखलात रुतून राहिली म्हणून वाचली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण नेहमी कामावर निघताना, अर्धवट. या वर्षी प्रथमच ती बसून पूर्ण ऐकली. आईला दुपारी काय जेवली ते संध्याकाळी आठवत नाही. चौसष्ट वर्षांपूर्वी परातीतला चिखल कुणी खरवडला ते मात्र नावानिशी आठवतं.

तर भाकरी. मला वाटलं होतं, वीस मायक्रॉनमध्ये गनमेटलचे बुश, म्हणजे पंपात बसणाऱ्या धातूच्या कड्या, काढणाऱ्या माणसाला पिठाचा गोळा काय जड जाणार? पहिली भाकरी परातीतून उचलतानाच तीन तुकडे झाले. दुसरी तव्यावर नकाशासारखी पडली. आई खुर्चीवर बसून बघत होती. तिनं पीठ चिमटीत धरून चोळलं आणि म्हणाली, “विरी गेलीय. कधी दळलंय?” वीस दिवसांपूर्वीचं दळण होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो, मग कितीही मळा, काठ चिरतातच. आमच्याकडे माल खराब आला की मशीनला शिव्या बसायच्या, तसलाच प्रकार. दुसऱ्या दिवशी गिरणीतून दीड किलो ताजं मालदांडी ज्वारीचं दळण आणलं, तेव्हापासून दर चार दिवसांनी थोडंच दळतो. पीठ घरी आणताना डबा गरम लागतो हातांना. लेथवर नुकत्या कापलेल्या जॉबसारखा, म्हणजे धातूच्या तुकड्यासारखा.

पाणी उकळतं घालायचं, बोटांना सोसेल इतकं निवलं की मनगटाजवळच्या तळव्यानं रगडायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. गोळा परातीत भुरभुरवलेल्या पिठावर ठेवून उजव्या हातानं थापायचं आणि डाव्या हाताच्या बोटांनी काठाला आधार देत फिरवत राहायचं. इथे माझी गोची होती. माझ्या डाव्या तर्जनीचं एक पेर नाही. १९९८ मध्ये चालू लेथवर हातमोजा घालून जॉब पुसायला गेलो होतो. चूक माझीच, पहिल्याच दिवशी जे करू नका म्हणून शिकवतात ते केलं. त्यामुळे भाकरी त्या बोटाशी आली की अडकायची आणि एका बाजूला जाड व्हायची. पंधरा दिवस मी अर्धचंद्र भाकऱ्या केल्या. शेवटी मधल्या बोटानं काठ धरायचा आणि करंगळी लावून फिरवायचं, अशी माझी मीच सेटिंग बसवली. आई म्हणते, तिनं असली थापणी जन्मात पाहिली नाही, पण गोल येते ना, मग झालं.

एकदा मी भाकरीची जाडी व्हर्नियरनं मोजली. काठाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मध्ये थोडी जास्त. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी वाळत आलं, पण पूर्ण वाळलं नाही, अशा क्षणी उलटायची. आधी उलटलीत तर चिकटते, उशीर झाला तर तडे जातात आणि मग ती फुगत नाही. हा क्षण कुठल्या घड्याळात नाही. वर चकाकणारा पापुद्रा एका कडेनं निस्तेज व्हायला लागतो, तो बघायचा. लेथवर फिनिशिंगचा शेवटचा कट चालू असताना मी डोळ्यांनी नाही, कानांनी ठरवायचो, आवाज बारीक झाला की टूल मागे. इथे कानांचं काम डोळ्यांना शिकवायला मला मार्च उजाडला. होळीच्या आसपास कधीतरी एक भाकरी विस्तवावर टम्म फुगली, बाजूनं वाफेची शिट्टी वाजली आणि पदर सुटला. आईनं तो पदर उचलून आत तूप-मीठ घातलं आणि काही न बोलता खाल्लं. अर्ध्या भाकरीवर थांबणारी बाई, त्या दिवशी दुसरीला हात घातला.

चौतीस वर्षांत मी किती बुश काढले असतील याचा हिशेब नाही, लाखांत असावेत. ते पंपात बसतात, एवढं ठाऊक होतं. कुठल्या पंपात, तो कुणाच्या विहिरीवर चालतो, चालतो तरी का, हे मला कधी दिसलं नाही. क्वालिटीवाला ‘ओके’चा शिक्का मारायचा, ट्रे पुढे जायचा. रिजेक्शन आलं तरच माझं नाव निघायचं. मी कामाला वाईट म्हणत नाही. त्यावर घर झालं, मुलीचं शिक्षण झालं. पण मी केलेली वस्तू कुणीतरी माझ्यासमोर वापरतंय, हे बघायची मला सवयच नव्हती. आईला भाकरीचा पदर सोडवून खाताना बघायला मी सुरुवातीला लाजायचो, उगाच गॅसकडे तोंड करून उभा राहायचो.

सौ.चा खांदा मार्चअखेर बरा झाला. भाकरी माझ्याकडेच राहिली. हळूहळू डबाही आला, मग मंडईही. आता सकाळी आठला पिशवी घेऊन निघतो. १८८६ साली उभी राहिलेली ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत मी इतकी वर्षं फक्त गणपतीत, गर्दीच्या डोक्यावरून पाहिली होती. आता तिच्या भोवती बसणाऱ्या तिघी-चौघी भाजीवाल्या मला ओळखतात. हिवाळ्यात चाकवत आला की बाजूला काढून ठेवतात. गवार कोवळी आहे की नाही हे शेंग मोडून बघायचं असतं आणि भाजीवालीसमोर दोनपेक्षा जास्त शेंगा मोडायच्या नसतात, हे मला पन्नाशी उलटून आठ वर्षांनी कळलं.

दुसरी गोष्ट आवाजाची. तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची तांबट आळी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पेशवाईत कोकणातून येऊन इथे वसलेली ही मंडळी. नाइट करून आलो की मी खिडक्या लावून घ्यायचो, ते ठोके मला झोपमोड वाटायचे. या वर्षी प्रथमच दिवसा जागा राहून ऐकले. पत्र्याला आकार देताना आवाज जाड असतो, मोकळा. मठार, म्हणजे शेवटची ठोकणी, चालू झाला की तोच हातोडा एका लयीत, जवळ जवळ पडायला लागतो; एका टिंबाशेजारी दुसरं टिंब, ओळीनं. त्यानं भांड्याला चमक येते आणि धातूही कडक होतो. दुपारी भांडी घासता घासता मी ओळखतो, आत्ता घागर चाललीय की नुसता पत्रा.

मे महिन्यात माळ्यावरची तांब्याची दोन पातेली काढून कल्हईला नेली. भट्टीवर पातेलं तापलं, आत नवसागराची चिमूट पडली, पांढरा धूर निघाला, कथिलाची कांडी टेकली आणि कापसाच्या बोळ्यानं त्या गड्यानं ते असं फिरवलं की काळपट तांब्यावर क्षणात चांदी पसरली. मी आयुष्यभर धातू खरवडून काढत आलो. इथे एक थर चढताना पाहिला. दुसरं पातेलं होईपर्यंत मी तिथेच उभा. त्यानं विचारलं, “काका, धंद्यातले आहात का?” मी म्हटलं, होतो.

आता जरा नको असलेलं बोलतो. जुलैत माझे चुलतभाऊ आणि वहिनी जेवायला आले. मी भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा केला होता. भाऊ खाताना थांबेचना. वहिनी सौ.ला म्हणाल्या, “नशीब काढलंत हो, असा नवरा मिळाला.” सौ. हसली. रात्री भांडी आवरताना म्हणाली, “एकोणतीस वर्षं मी केलं, तेव्हा तुम्ही नशीब काढलंत असं तुम्हाला कुणी म्हणालं का हो?” मी आठवून पाहिलं. कुणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही. सेकंड शिफ्ट करून रात्री एकला यायचो तेव्हा ताटाखाली झाकलेली भाकरी असायची. ती मऊ असायची, हे आता कळतं. त्यासाठी ती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी लागते आणि पीठ जास्त मळावं लागतं. तेव्हा मी पेपर वाचत ती खाल्ली.

मोजायची खोड असल्यानं मी ऑगस्टभर वहीत वेळा लिहिल्या. माझं घरकाम दिवसाला सरासरी तीन तास दहा मिनिटं भरलं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे वाचले होते: घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. मी पुरुषांच्या दुपटीनं करतो म्हणून कॉलर ताठ झाली होती, ती सौ.नं वही बघितल्यावर उतरली. दूध संपायला आलंय हे लक्षात ठेवणं, आईच्या गोळ्या मोजणं, सिलिंडरचा नंबर लावणं, कामाच्या बाईंना सुटीच्या दिवसाची आठवण देणं, हे मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं. कारण ते मी करतच नव्हतो. सप्टेंबरपासून गोळ्या आणि सिलिंडर माझ्याकडे आले. दूध अजून तिच्याचकडे आहे, मी दोनदा विसरलो.

आणि एक फरक मला दिसतो तो सांगून टाकतो. मला हे सगळं गोड लागतंय, कारण मी ते अठ्ठावन्नाव्या वर्षी, पोटापाण्याचं झाल्यावर, आपणहून हातात घेतलं. उद्या कंटाळा आला तर मी सोडू शकतो. तिला विसाव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा आपल्या पुरवणीत ‘घरकामातला आनंद’ वगैरे मथळा देऊन माझा ॲप्रन घातलेला फोटो छापू नये, ही विनंती. ॲप्रन माझ्याकडे नाहीही. कारखान्यातला जुना निळा डगला वापरतो, त्याच्या खिशात अजून एक सहा इंची पट्टी असते.

सगळेच दिवस काही बरे गेले नाहीत. पावसाळ्यात आईला ताप येऊन आठ दिवस काढावे लागले, तेव्हा भाकरीचा विषयच नव्हता, पेज. गणपतीत आमच्या भागात दहा दिवस घराच्या काचा थरथरत होत्या. दिवाळीनंतर सलग पंधरवडाभर मला पुन्हा ते रिकामं वाटणं आलं, दुपारी तीनला येतं तसलं. तेव्हा कारखान्यात शिफ्ट बदलायची वेळ असायची, भोंगा, हात धुवायला नळावर रांग. ते आठवतं. जात नाही ते.

पण वर्षातला एक दिवस दीडशे शब्दांत लिहायचाच म्हटलं तर २० जून लिहीन. त्या दिवशी दोन्ही पालख्या पुण्यात आल्या. पूर्वी हा दिवस माझ्यासाठी रस्ते बंद, बस नाही, हाफ डे बुडाला, एवढाच. या वर्षी आमच्या आळीच्या मंडळानं एका दिंडीला रात्रीचं जेवण द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी योगिनी एकादशी, त्यामुळे जेवण त्याच रात्री व्हायला हवं. घराघरांतून भाकऱ्या गोळा करायच्या होत्या. मंडळाची पोरं बायकांची नावं लिहून घेत फिरत होती. आमच्या दारात आल्यावर सौ. म्हणाली, “आमच्या घरातून यांचं नाव लिहा. चाळीस.” पोरगं आधी हसलं, मग लिहिलं.

दुपारी दोनपासून थापायला बसलो. पहिल्या भाकरीला जानेवारीत मला अकरा मिनिटं लागली होती. त्या दिवशी दोन तव्यांवर मिळून अडीच मिनिटाला एक उतरत होती. सायकल टाइम म्हणतात त्याला आमच्याकडे. बेचाळीस झाल्या, दोन रिजेक्ट. आईनं त्या रिजेक्ट बाजूला काढून दुधात कुस्करल्या.

रात्री शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली. मी वाढायला होतो. एक मावशी, परभणीकडच्या, पायाला फडकं बांधलेलं, त्यांच्या पानात जी भाकरी पडली ती मला लांबूनच ओळखू आली. एका बाजूला काठाला किंचित दाब असतो, मधल्या बोटाचा. त्यांनी ती मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली, शेजारणीशी बोलत राहिल्या. अर्धी संपल्यावर उरलेली हातात फिरवून बघितली आणि मला म्हणाल्या, “ही कुणी थापलीय, माउली? डावऱ्या बाईनं का?”

मी म्हटलं, नाही, मी. त्यांनी माझा हात ओढून घेतला, बोट बघितलं, “बरं,” म्हणाल्या आणि आणखी एक मागितली.

फोटो पाठवत नाही. आज शुक्रवार, आमची गिरणी साडेबाराला बंद होते आणि डब्यात उद्यापुरतंच पीठ आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर
कसबा पेठ, पुणे